पावसाचं सूत

आमच्या जादूच्या पेटीचं लाकूड फुगलेलं नव्हतं. एवढी एक गोष्ट कुठेतरी नीट लिहून ठेवावी म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. त्या दिवशी सभागृहात जी माणसं होती त्यांना आजही वाटतं की ते फुगलं होतं. मासळी बाजारात कुणी भेटलं की विचारतं, "काय गो, सुकली काय तुमची पेटी?" आणि हसतं. मीही हसते. हसण्यावारी नेलं की माणसं लवकर पुढे जातात.

पेटी आमच्या मागच्या पडवीत आहे. तीत जादा गाद्या आणि पाहुण्यांच्या चादरी ठेवतो. लाल रंग, सोनेरी पट्ट्या, झाकणावर दोन चांदण्या. चांदण्या ह्यांनी काढल्या. पेटीत ह्यांच्या हातचं काय आहे असं कुणी विचारलं तर त्या दोन चांदण्या, आणि त्यांतली एक वाकडी आहे.

आमचे हे सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. जादूचा नाद लग्नाआधीपासूनचा. रुमालातून रुमाल, दोरीच्या गाठी, पत्ते, रिकाम्या डब्यातून लाडू. शाळांची स्नेहसंमेलनं, कचेरीतले निरोप समारंभ, महिला मंडळं, बोलावतील तिथे जायचं. शेवटचा प्रयोग ठरलेला, पेटीचा. पेटीत बसणारी बाई मी. पत्रिकेवर ह्यांचा फेटा बांधलेला फोटो आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आणि सहकारी'. एकोणीस वर्षं मी सहकारी होते.

जादू सांगायची नसते असं हे म्हणतात. मी सांगते, त्यात एवढं काही नाही. पेटी मागच्या काळ्या पडद्याला जवळजवळ टेकवून ठेवायची. प्रेक्षकांतल्या दोघांना बोलवायचं, त्यांनी चारी बाजूंनी ठोकून बघायचं. मग मी आत बसायचं, झाकण लावायचं, कुलूप घालायचं, वरून दोरी. हे मंत्र म्हणायला लागले की मी आतून मागची फळी सरकवायची, पडद्याखालून रांगत बाहेर पडायचं, फळी परत लावायची आणि मागच्या दारानं फिरून प्रेक्षकांच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं. पेटी उघडली की रिकामी. हे विचारणार, "कुठे गेली?" आणि मी शेवटच्या रांगेतून "इकडे आहे" म्हणणार. टाळ्या ह्यांना.

पहिली पेटी म्हणजे जुनी पत्र्याची ट्रंक होती, मागून कापलेली. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पत्रा किती टिकणार? दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात बाहेर पडताना गंजलेली कड माझ्या पोटरीत घुसली. मी तशीच मागच्या दारानं फिरून गेले, "इकडे आहे" म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि मग खाली बघितलं तर चप्पल रक्तानं भरलेली. दवाखान्यात टाके घालताना हे बाहेर कुणाला तरी फोनवर सांगत होते, "प्रयोग मात्र एक नंबर झाला हां." मला ते ऐकू येत होतं.

नवी पेटी लाकडाची करायची असं ठरलं. हे मोबाईलवर परदेशी पेट्या बघायला लागले आणि सुतार शोधायला लागले. मी म्हटलं, "सुतार कशाला? मी करीन."

हे हसले. हसणारच. तेवीस वर्षांच्या संसारात मी घरात दोन स्टुलं, एक देव्हारा आणि मांडणी केली होती, पण ते 'हिचा टाइमपास' या खात्यात जमा. माझे बाबा सुतार. माहेर मंडणगडकडचं. त्या भागातल्या कितीतरी घरांची दारं-खिडक्या बाबांच्या हातच्या. मी थोरली, भाऊ माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, तोपर्यंत बाबांना लाकडाचं दुसरं टोक धरायला मीच होते. टोक धरता धरता करवत हातात आली, मग रंधा आला. मुलीच्या जातीला कशाला हे, असं आई म्हणायची. बाबा म्हणायचे, "लाकडाला थोडीच कळतंय कोण कापतो त्ये."

मी ह्यांना म्हटलं, "पेटी मी करते, पण एक अट. स्टेजवर माइकवरून सांगायचं, पेटी माझ्या बायकोनं केली. बस. एक वाक्य."

"एवढंच ना? बोलेन की."

एवढंच होतं. मला पैसे नको होते, फेटा नको होता. एकोणीस वर्षांत एकदा माझ्याबद्दल एक वाक्य हवं होतं, आणि ते बाबांच्या समोर हवं होतं. बाबा ऐंशीच्या पुढे गेलेले, हात कापायचे म्हणून हत्यार सुटलेलं. त्यांच्या विद्येतलं काहीतरी शिल्लक आहे हे त्यांनी चारचौघांत ऐकावं, एवढीच माझी हौस. हौसच म्हणते, दुसरा शब्द मोठा होईल.

आधी माप. ह्यांनी मला माजघरात वर्तमानपत्रावर बसवलं, गुडघे छातीशी, मान खाली, आणि टेप लावला. "अजून आत ओढ पाय." ओढले. "अजून." माझं वय बावन्न, हे विसरले असावेत. "छोटी पेटी म्हणजे मोठी जादू," असं ह्यांचं म्हणणं. भाताचं पोतं मापताना माणूस त्याला विचारत नाही, तसंच मलाही विचारलं नाही. ह्यांनी कागदावर आकडे लिहिले. मी नंतर प्रत्येक आकड्यात दीड इंच घातला. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण कागदावरचं माप आणि समोरची वस्तू यांचा संबंध ह्यांनी कधी तपासलेला नाही.

एप्रिलात आम्ही हातखंब्याला गेलो. महामार्गालगत एक वखार आहे, तिथे लाकूडही मिळतं आणि प्लायवूडही. मालक दाढीवाले वयस्कर गृहस्थ, उमेदीची वर्षं आखातात काढून परत आलेले. त्यांनी साहजिकच ह्यांना विचारलं, "बोला साहेब, काय दाखवू?"

"सागवान," हे म्हणाले. सागवानापलीकडे ह्यांना झाडच माहीत नाही.

मी म्हटलं, "सागवान नको. ही पेटी दर वेळी टेम्पोत चढवायची, जिने चढवायची. जड होईल. शिवण आहे?"

मालकांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. शिवणीच्या फळ्या मागच्या बाजूला होत्या, फिकट पिवळसर. हे म्हणाले, हे कसलं पांढरंफटक, फणस तरी घेऊ. मी ऐकलं नाही. शिवण हलकी, आणि मुख्य म्हणजे गुणी. एकदा सुकली की वाकत नाही, पावसात फारशी फुगत नाही. बाबा देव्हाऱ्याला नेहमी शिवण घ्यायचे. मी फळ्यांची टोकं बघितली, नखानं ओरखडून बघितलं, एकेक फळी डोळ्याशी धरून लांबवर नजर टाकली. दोन फळ्यांना मधे बाक होता, त्या बाजूला केल्या. एका फळीत गाठ होती, बरोबर खाच काढायच्या जागी आली असती. तीही बाजूला.

मग प्लायवूड. बाजूंना बारा एमएम, तळाला अठरा, आणि मागच्या सरकत्या फळीला नऊ. मी शीटच्या कडा बघत होते. चांगल्या प्लायच्या कडेला थर सलग दिसतात, हलक्या मालाच्या कडेला मधे मधे काळी भोकं असतात, म्हणजे आतला थर तुटका. वर चेहरा कितीही गुळगुळीत असू दे. मग बोटाच्या पेरानं ठोकत गेले. एका शीटवर मधेच आवाज पोकळ आला. ती नको. दुसरी जमिनीवर टाकली तर एक कोपरा उचललेला. तीही नको. चौथी शीट मागे केली तेव्हा मालक म्हणाले, "ताई, तुम्ही प्लाय घेताय की सून बघताय?"

मी हसले. एवढ्या सगळ्या प्रकरणात मनापासून हसले ती तेवढी एकच वेळ. मग त्यांनी विचारलं, "कोणाच्या हाताखाली शिकलात?"

मी म्हटलं, "वडिलांच्या."

"दिसतंय," ते म्हणाले. परक्या माणसानं काही न मागता दिलेला तो एक शब्द. हे तेव्हा बाहेर रस्त्यावर फोनवर बोलत उभे होते.

बाजू आणि तळ मी तिथल्याच मशीनवर कापून घेतले. मागची फळी मात्र घरी, हातानं. मशीनचं पातं जाड, ते आपल्याबरोबर लाकूड खातं, आणि मागच्या फळीत मला खायला द्यायला काही नव्हतं.

ती फळी मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरापुढच्या खळ्यात कापली. प्लायवूडचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो, नुसती करवत फिरवली की त्याची सालपटं निघतात. म्हणून आधी पट्टी ठेवून धारदार सुरीनं रेघ खोल कापायची, तीनदा, चारदा, वरचा थर पुरता तुटेपर्यंत. मग त्यावर चिकटपट्टी. मग बारीक दातांची करवत, आडवी धरून, घाई न करता. शेवटच्या वीतभर अंतरात कापलेला तुकडा खालून उचलून धरावा लागतो, नाहीतर स्वतःच्याच वजनानं लोंबकळून कोपरा फाडतो. हे धरून उभे होते. मी दोनदा बजावलं, "आता सोडू नका हां."

फोन वाजला. ह्यांनी सोडलं.

कोपऱ्याचं इंचभर सालपट घेऊन तुकडा खाली पडला. हे फोनवर "बोला बोला, मोकळाच आहे" म्हणत फाटकापर्यंत गेले. मी तिथेच खळ्यात बसून राहिले. रडले नाही, पण करवत फेकून द्यावी असं वाटलं. मग उठले, फळी उलटी फिरवली, तुटका कोपरा खाली मागे जाईल असा घेतला, भुसा आणि सरस कालवून भरला, घासला. आज दाखवूनही दिसणार नाही.

आता सुताची गोष्ट. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराचं सगळ्यात लहान माप. बाबांचा एक नेम होता. दार उन्हाळ्यात करायचं झालं की चौकटीत ते घट्ट बसवायचं नाही. एका अंगाला एक सूत मोकळं सोडायचं. त्याला ते पावसाचं सूत म्हणायचे. घरमालक कुरकुर करायचे, फट दिसते म्हणायचे. बाबा म्हणायचे, "श्रावणात बघा." श्रावणात आमच्याकडे हवाच ओली असते, मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, आणि ज्या सुतारानं सूत सोडलं नाही त्याची दारं खांद्यानं ढकलावी लागतात. बाबांची दारं बोटानं मिटायची. ते मला म्हणायचे, "बाकी सगळा चुकला तरी चालंल, पावसाचा सूत नाय चुकायचा. पाऊस आपला भागीदार हाय, त्येचा वाटा आधी काढून ठेवायचा." लहानपणी मला वाटायचं, पाऊस खरंच घरी येऊन आपला वाटा घेऊन जातो.

मी मागच्या फळीला पावसाचं सूत सोडलं. शिवणीच्या चौकटीत खाच काढून फळी बसवली, आतून एक लहानशी कडी, कडी उचलली की फळी डावीकडे सरकणार. मे महिन्यात फळी सैल होती, हलवली की किंचित खडखड करायची.

हे आले, पेटीत मोबाईलचा टॉर्च लावला आणि बाहेरून बघितलं. फटीतून उजेडाची रेघ.

"हे काय गो? फट दिसते!"

"ते पावसाचं सूत आहे."

"पेटी काय पावसात भिजायची आहे? घरात राहणार ती. आणि हे प्लायवूड आहे, तुझ्या बाबांच्या वेळचं लाकूड नव्हे. लोक ठोकून बघतात, फट दिसली की माझी अब्रू जाईल."

"श्रावणात फळी अडकली तर जास्त जाईल."

"तुला सगळ्यातलं कळतं," हे म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात शेवटचं असतं.

मी वाद घातला नाही. शिवणीची अर्ध्या इंचाची पट्टी रंधून चौकटीवर चारी बाजूंनी बाहेरून लावली, फटीवर झाकण यावं अशी. सूत आतल्या आत तसंच राहिलं. ह्यांनी परत टॉर्च लावला, उजेड दिसला नाही. "बुजवलीस ना? सांगितल्यावर कळतं," म्हणाले, आणि पट्ट्यांना सोनेरी रंग दिला. बुजवली नाही हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा कापायला लावलं असतं. तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

कार्यक्रम श्रावणात ठरला. निवृत्त कर्मचाऱ्यांचा मेळावा, एका शाळेचं सभागृह, दुपारी चारची वेळ. मी बाबांना बोलावलं. ऐंशी पार केलेला माणूस मंडणगडहून एसटीनं, घाटाघाटांतून, पावसात, सबंध दिवस प्रवास करून आदल्या संध्याकाळी आला. भाऊ सोबत होता. बाबांनी आल्याआल्या पेटी बघायला मागितली, पण ती आधीच टेम्पोतून सभागृहात गेली होती. "उद्या बघीन," म्हणाले. जेवताना मी ह्यांना त्यांच्यादेखत विचारलं, "उद्या सांगणार ना माइकवरून?"

"किती वेळा विचारशील? सांगणार!"

बाबा ताटात बघत होते, पण त्यांना कळलं. त्यांचे कान लाल झाले. बाबा लाजले की त्यांचे कान लाल व्हायचे.

सभागृहावर पत्रे होते आणि पाऊस कोसळत होता, म्हणून ह्यांनी माइक अगदी तोंडाशी धरला होता. रुमाल झाले, दोरी झाली, पत्ते झाले. बाबा पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर, मांडीवर टोपी. पेटीवरचा कपडा काढला. लोक "वा" म्हणाले. खरंच देखणी झाली होती. दोघे जण वर आले, चारी बाजूंनी ठोकलं, मागची फळी ढकलून बघितली, काही सापडलं नाही. मी आत बसले. अजून वाक्य आलं नव्हतं. मला वाटलं, कुलूप घालताना बोलतील.

झाकण लागलं. आत नव्या रंगाचा आणि शिवणीचा वास होता. कुलूप पडलं. दोरी आवळली. आणि मग बारा एमएमच्या प्लायमधून मला ह्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "मित्रहो, ही पेटी कुठल्या दुकानातली नाही. ही मी स्वतःच्या हातांनी, तीन महिने घाम गाळून बनवली आहे. निवृत्तीनंतर माणसानं रिकामं बसू नये, हा संदेश मला द्यायचा आहे."

टाळ्या. भरपूर टाळ्या.

मला अजून विचारतात की तेव्हा नक्की काय झालं. म्हणजे मीच मला विचारते. काही ठरवून केलं नाही. बोट कडीवर होतं. मी कडी उचलली असती तर फळी लोण्यासारखी सरकली असती, त्याच सकाळी सभागृहात जाऊन दोनदा सरकवून बघितली होती. बाहेर मंत्र सुरू झाले. मंत्र संपायला एक ते वीस आकडे पुरतात, मला पाठ आहेत. मी दहापर्यंत गेले. पंधरापर्यंत गेले. मला राग आला होता. नुसता ह्यांचा नाही, त्या टाळ्यांचा, आणि त्या टाळ्यांत एखाद वेळेस बाबाही टाळ्या वाजवत असतील याचा. मी कडीवरचं बोट काढलं आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

दोरी सुटली, कुलूप निघालं, झाकण उघडलं. मी आत बसलेली.

वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. साठी उलटलेला माणूस, फेटा बांधलेला, हातात कुलूप. त्या क्षणी मला ह्यांची दया आली, पण तोवर उशीर झाला होता. आणि मग हे माइक तोंडाशी धरून बोलले. ज्यासाठी मी चार महिने खपले ते वाक्य बोलले.

"काय करणार मित्रहो, पेटी आमच्या हिनं केलीन. सुताराची मुलगी ना! पावसात फुगलं लाकूड, फळी अडकली."

सभागृह पोट धरधरून हसलं. ह्यांच्यावर नाही, माझ्यावर. आणि सगळ्यांना पटलंसुद्धा. का पटणार नाही? श्रावण होता, प्रत्येकाच्या घरी कुठलं तरी दार अडकलेलंच होतं. एक जण उठून म्हणाला, "आमच्या मोरीचा दार चार दिवस लागत नाय, तुमची पेटी काय घेऊन बसलाव!" पुन्हा हशा. ह्यांना टाळ्या मिळाल्या. पहिल्यापेक्षा जास्त.

लोक चहाकडे वळले तेव्हा बाबा पायऱ्या चढून वर आले. भावाचा हात सोडून पेटीच्या मागे गेले. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून नखानं बघत होते. नख वरून खाली फळीच्या कडेनं फिरवलं. नखाला पट्टी लागली. दुसऱ्या बाजूनं फिरवलं. तिथेही पट्टी. फट कुठेच नाही. मग तळवा टेकवून फळी ढकलली. फळी हलली नाही. कशी हलेल, कडी आतून लागलेली होती.

ते माझ्याकडे वळले आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "पावसाचा सूत सोडला नव्हतास काय गो?"

मला एवढंच म्हणायचं होतं, सोडलंय बाबा, पट्टीच्या आत आहे, कडी उचलून बघा. पण मग ते म्हणाले असते, मग अडकली कशी? आणि मला सांगावं लागलं असतं की तुमच्या मुलीनं भरल्या सभेत स्वतःच्या नवऱ्याचं हसं केलं, मुद्दाम. दोन दिवसांसाठी आलेल्या बापाला मी माझा संसार उघडून दाखवायचा होता की काय?

"विसरले, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असूं दे," म्हणाले. "होता असा येकाद्या वेळेला." पण त्यांचे कान लाल नव्हते. सबंध वेळ ते पेटीकडे परत बघायला तयार नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले.

ते गेल्यावर टेम्पो पेटी घेऊन घरी आला. मी चहा ठेवत होते तेव्हा हे पडवीत गेले. मी दारातून बघितलं. ह्यांनी झाकण उघडलं, वाकून आत हात घातला, कडी उचलली आणि एका बोटानं फळी सरकवली. सरकली. परत लावली, परत सरकवली. तीनदा. मग तिथेच पेटीच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. ओरडतील तरी. हे आत आले, चहा घेतला आणि म्हणाले, "साखर कमी झाली." त्यानंतर जादूचा एकही कार्यक्रम झाला नाही, आणि त्या फळीबद्दल आमच्यात आजपर्यंत एक अक्षर निघालेलं नाही.

मला बाबांना सांगायचं होतं. फोनवर ते सांगण्यासारखं नव्हतं, त्यांना नीट ऐकूही येत नसे. गणपतीत जाऊ म्हटलं, जमलं नाही. दिवाळीत ह्यांचं दुखणं निघालं. फाल्गुनात बाबा गेले.

दिवसकार्याला माहेरी गेले. भावानं स्वयंपाकघराचं दार नवं करून घेतलं होतं. ते ज्यानं केलं तो सुतारही आला होता, चाळिशीतला, बाजूच्या वाडीतला. मी दार मिटून बघितलं. एका अंगाला बरोबर एक सूत मोकळं होतं.

"बाबांनी सोडायला लावलान," तो म्हणाला. "बाजूला खुर्ची टाकून बसायचे. रोज येकच सांगायचे, पावसाचा सूत इसरू नको रे बाबा, माझी पोरगी इसरली नि रत्नांगिरीत भरल्या सभेत तिचा हसा झाला." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "म्हंजे तुमीच काय त्या?"

दार माझ्या हातात होतं. ते बोटानं मिटत होतं.

"हो," मी म्हटलं. "मीच ती."